आधी पाणी, मग सोडा

आई,

तुला साबणाचं वेड लागलं तेव्हा मी बारावी सायन्सला होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. दहिवलीतलं आपलं स्वयंपाकघर ते केवढंसं! त्यात तुमच्या बचत गटाचे खोबरेलाचे डबे, लाकडी साचे आणि कॉस्टिक सोड्याची पिशवी. ती उघडण्याआधी तू दोन हंडे पाणी भरून मोरीशी ठेवायचीस. "साबण करतेस की वऱ्हाड जेवायला घालतेस?" मी चिडवायचे. "गप गं. आधी पानी, मंग सोडा." एकदा सोड्याचं पाणी लागून माझी बोटं बुळबुळीत झाली, तर मी म्हटलं, बघ, साबण झाला! तू हात ओढून पाण्याखाली धरलास. "साबन नाय त्यो. तुजी कातडी इरघळतेय." चौथी शिकलेली बाई, आणि ऐट बघावी!

त्या रविवारी तू ओटीवर शेजारच्या काकीबरोबर साचे पुसत बसलेली. तुला चकित करावं म्हणून मी आत सोड्याला हात घातला. दर दिवाळीला भिंतींचा चुना मीच भिजवायचे, घमेल्यात चुन्याचे खडे आणि वरून पाणी. सोडाही पांढराच, त्याला काय वेगळं? पातेल्यात सोडा ओतला, वरून तांब्याभर पाणी. सगळं फसफसून उसळलं आणि माझ्या उजव्या डोळ्यात आग पेटली. तुम्ही दोघी धावत आलात. "लिंबू पिळा, लिंबू!" मी किंचाळतेय. अल्कलीवर आम्ल, पुस्तकातलं उत्तर होतं ते! काकीनं विळीही ओढली. "त्ये सरबतात पिळ!" तू तिच्यावर ओरडलीस, माझी मान मोरीत वाकवलीस, बोटांनी पापणी फाकवलीस आणि पाणी ओतत राहिलीस. मी लाथा झाडल्या, तुला नको ते बोलले. दोन्ही हंडे संपले तेव्हा काकीला तिच्याकडचं पाणी आणायला पिटाळलंस. रिक्षातसुद्धा बाटलीची धार थांबली नाही. "डोळा पाण्यानं वाचला. कुणी धुतला?" डॉक्टरांनी विचारलं. तू लाजून पदर सारखा केलास, आणि बाहेर आल्यावर माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की रिक्षावाला हसायला लागला. आठवड्यानं पट्टी निघाली. दोन्ही डोळ्यांनी पहिल्यांदा दिसलं ते तुझं रागावलेलं तोंड. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तू जाऊन सात वर्षं झाली. मी आता खालापूरच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना हेच शिकवते. चष्मा लावा, कोपरापर्यंत हातमोजे घाला, सोडा पाण्यात टाका, सोड्यात पाणी कधीच नाही. डोळ्यात उडालं तर काय कराल, असं विचारलं की एखादा पदवीवाला लिंबू म्हणतोच, आणि मला हसू आवरत नाही. मग सांगते, नुसतं पाणी, भरपूर वेळ, आणि धुता धुताच दवाखाना. परवा पळसदरीहून येणाऱ्या एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमाला ह्ये कुनी शिकवलं?"

"माझ्या आईनं," मी म्हणाले. "घरी साबण करायची ती."

"मंग त्यांनाच आना की येक दिस शिकवायला!"

सगळे हसले, मीही हसले, आणि दिवसभर चेहऱ्यावरचं हसू जाईना. हे हजेरीच्या कागदामागे लिहितेय. घडी घालून खणात ठेवीन, कुठे धाडणार? पण एक सांगून टाकते. हा प्रश्न मला याआधीही पुष्कळांनी विचारलाय, आई. दर वेळी मी "कोर्सला शिकवलं" म्हणायचे.