तुळजा काय म्हणाली

चि. प्रवीण,

तुळजाला दाखवून आणलं, काळजीचं काही नाही, असं मी तुला काल फोनवर सांगितलं. ते खोटं होतं.

डॉक्टरांना मराठी येत नाही आणि आपल्या तुळजाला कन्नड, म्हणून मधे मी. त्यांनी दुखणं विचारलं तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "मुतताना जळतंय, अक्का." चाळिशीची बहीण परक्या पुरुषासमोर लहान मुलीसारखी बोलली, याची मला लाज वाटली. मी कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "ती नेहमीच कुरकुरते." त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

आज तिचं अंग तापलंय. मघाशी विचारत होती, "डाक्टरास्नी सांगितलंस न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले.

आता लिहीत बसत नाही. अकराच्या बसने तिला परत नेते. ती बोलेल ते सगळं सांगेन.

तुझी अक्का,
सुनयना