डावीकडची वाटी

आई, तुझ्या हातचे दोन शब्द वाचायला मिळावेत म्हणून तुझी जुनी पत्र्याची पेटी काल उघडली, तर तळाशी तो लाल लोकरीचा गोंडा सापडला. बारा वर्षं झाली तुला जाऊन. गोंड्याला कसर लागलेली नाही, आणि मला मात्र हातात धरवेना.

तू खुटबावच्या अंगणवाडीत पोरं सांभाळायचीस तेव्हा ही पेटी म्हणजे तुझं खरं दप्तर होतं. पावडरच्या डब्यात खडे घालून झाकण पक्कं केलेला खुळखुळा नुसतं ऐकणाऱ्या पोरासाठी. बसायला लागलेल्याला ओढायला चिंधीची दोरी. एकात एक जाणारी बरण्यांची झाकणं त्याच्या पुढच्याला, मग तूर आणि हरभरा वेगळा करायचा खेळ, मग भातुकली. रिकाम्या कपातला चहा भुरका मारून प्यायलीस की पोरं खदाखदा हसायची, आणि तू मला हळूच सांगायचीस की बघ, ह्याला आता नसलेलं बी दिसाया लागलं. आया पोराला पुढं करून वय सांगायच्या. तू म्हणायचीस, "वय नगं सांगू बाई. ते काय करतंय ते सांग." मी परकर सावरत शेजारी बसलेली असायचे. मला वाटायचं, मला हे सगळं येतं. तीच तर गंमत झाली.

लग्न होऊन मी शिरूरला आले, ह्यांना कारखान्यात कायम केलं, आणि आमचं पोर झालं. ह्यांनी पुण्याहून मोठ्या खोक्यांतली खेळणी आणली. खोक्यावर वय छापलेलं. दोन वर्षांचा झाला की दोन वर्षांचं खोकं उघडायचं, एवढं सोपं. तो त्यातली आगगाडी उलटी करून चाकाला जीभ लावायचा आणि मी म्हणायचे, किती बारीक निरखतोय बघा. त्यात तू न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं आलीस आणि पिशवीतून पावडरचा डबा काढलास. दोन वर्षांच्या पोराला खुळखुळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू दोन वाट्या पालथ्या मांडल्यास. गोंडा त्याला दाखवून उजव्या वाटीखाली ठेवलास, मग त्याच्या डोळ्यांदेखत तिथून काढून डाव्या वाटीखाली सरकवलास. तुझ्या अंगणवाडीतली पोरं अशा वेळी डावीकडंच हात घालायची. त्यानं उजवी उचलली. पुन्हा केलंस, पुन्हा उजवी. मग तू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणालीस, "त्याला एकदा पुण्याला दावून घे. चुकत आसंल मी, पर दाव."

मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. तुझी अंगणवाडी तिकडंच ठेव, माझं पोर तुझ्या रजिस्टरातलं नाही. तू डबा परत पिशवीत घातलास. जाताना पोराच्या पायाचा मुका घेतलास आणि स्टँडपर्यंत एकटीच चालत गेलीस, मी दारापर्यंतसुद्धा आले नाही.

पुढं दिवाळीला तू येणार असं कळलं, आणि आई, मी जे केलं ते तुझ्या पोटच्या पोरीलाच सुचलं असतं. परक्या बाईला वाट्यांचं मर्मच ठाऊक नसतं. मला तुझा हात पाठ होता. तू कायम उजवीकडून डावीकडं न्यायचीस, एवढ्या वर्षांत कधी उलटं केलं नाहीस. पंधरा दिवस मी रोज सकाळी त्याला पुढ्यात घेऊन बसले. डावी उचलली की खडीसाखर. उजवीकडं गेला की हात बाजूला सारायचा. रडला तरी सोडला नाही. गोंडा नव्हता माझ्याकडं, मी लिंबू वापरलं.

तू आलीस, वाट्या मांडल्यास. त्यानं डावी उचलली. दुसऱ्यांदाही डावी. तुझा चेहरा असा फुलला की क्षणभर मलाही ते खरंच वाटलं. तू त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडलीस. पुन्हा गोंडा उचललास, तेवढ्यात चहा निवतोय म्हणून मी वाट्या गोळा केल्या आणि तुला उठवलं. घरी पोचल्यावर एसटीडी बूथवरून फोन केलास. म्हणालीस, "जिवाला घोर लागला हुता गं. आता न्हाई."

आणि मग तू तुझं काम चोख केलंस. पुढच्या पायरीची खेळणी पाठवलीस. झाकणं, तूर-हरभऱ्याची पिशवी, चिमुकलं जातं. खुळखुळा वाडीतल्या दुसऱ्या तान्ह्या पोराला देऊन टाकलास. माझं पोर ती झाकणं भिंतीवर भिरकवायचं, हरभरे नाकात घालायचं, आणि मी त्याच्यावर ओरडायचे. तुझ्या नजरेला त्याचं नेमकं पाऊल दिसलं होतं, ती नजरच मी बांधून टाकली. चार महिन्यांनी तू गेलीस, झोपेत, घोर नसलेली. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते.

पुण्याला नेलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, की घरात कुणाच्या आधी लक्षात आलं नाही का? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली.

आता तो पंधरा वर्षांचा आहे, मिसरूड फुटलंय. गेल्या वर्षी मी त्याला पावडरच्या डब्यात खडे घालून दिले. कानाशी धरून हलवतो आणि गालात हसतो, तासन् तास. वेळेवर दिला असता तर तिथून पुढं कुठवर गेला असता, ते सांगणारं कुणी नाही. तू असतीस तरी कदाचित सांगू शकली नसतीस, असं मी मनाला समजावते, आणि मन ऐकत नाही. शिकवलेलं मात्र तो विसरला नाही. जेवायला बसला आणि पुढ्यात दोन वाट्या आल्या की डावी उचलतो, आमटी असो की ताक, पालथी करतो आणि खडीसाखरेसाठी हात पुढं करतो. म्हणून मी त्याला एकच वाटी वाढते. कालही एकच वाढली, तर ताटाच्या डावीकडं रिकाम्या फरशीवर हात फिरवत राहिला आणि माझ्याकडं बघत बसला. मी काय करू, आई?

हा कागद घडी करून गोंड्याबरोबर पेटीतच ठेवते. दुसरीकडं कुठं ठेवणार? एक राहिलं. त्या दिवाळीला तिसऱ्या वेळी तू गोंडा डावीकडून उजवीकडं न्यायला निघाली होतीस. पहिल्यांदाच. ते मी बघितलं होतं. चहा निवत नव्हता. मी चहा ठेवलाच नव्हता.