हौशीच्या मेंदूसाठी तीन बाटल्या

सापगाव, तालुका शहापूर

ती. सुंदराताई यांस जयरामचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? सिद्धगडाच्या बाजूला थंडी पडली असेल, सकाळी सांधे धरत असतील. इकडे आम्ही दोघे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी हकिकत बसून वाचा.

तुमची धाकटी बहीण विसरते हे दिवाळीला तुमच्या लक्षात आलंच. (हौशीने तुम्हाला एका दुपारी तीनदा जेवायला वाढलं आणि तुम्ही तिन्ही वेळा जेवलात, याचे उपकार फिटायचे नाहीत.) तुम्ही गेल्यावर आमच्या सुयोगने मोबाईलवरून मेंदूसाठी तीन बाटल्या मागवल्या. एकीत माशाच्या तेलाच्या गोळ्या, दुसरीत ब्राह्मी, तिसरीत कुठल्याशा परदेशी झाडाचा पाला दाबून केलेल्या वड्या. "बाबा, तीन महिन्यांत आई पहिल्यासारखी होईल," म्हणाला. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं नाही.

माशाच्या गोळ्या आठवड्यात संपल्या. मला वाटलं, चव लागली. पाहतो तर हौशीने त्या परसात ओळीने पुरलेल्या, वर राख टाकलेली, आणि रोज तांब्याने पाणी घालत होती. पिवळ्या चकचकीत गोळ्या तिला बिया वाटल्या. मी ओरडलो, तर म्हणते, "उगवतील ओ, येवढी घाई कशाला?" दुसऱ्या दिवशी मांजरीने सगळं उकरून खाल्लं. (कुठल्या घरी दूध कधी तापतं, ते मांजरीला हल्ली अचूक ठाऊक असतं.)

उरलेल्या दोन बाटल्यांतून सकाळी मी गोळ्या देई, कामावर निघताना सुयोग देई, आणि विचारलं तर ती दोघांनाही सांगे, "कोनी नाय दिली." पंधराव्या दिवशी न्हाणीत पडली. नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. शहापूरला डॉक्टर वर्षाबाईंकडे नेली. त्यांनी बाटल्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. हौशीला रक्त पातळ करायची गोळी आधीच चालू, त्यावर हा पाला चालत नाही म्हणाल्या. रक्त तपासलं तर बी-बारा फार कमी. त्याची इंजेक्शनं घेतली, पायाच्या मुंग्या गेल्या, अंगात जीव आला.

"आणि आठवण?" मी विचारलं.

"थोडा फरक पडेल, कदाचित. पण गेलेलं सगळं परत आणणारी बाटली नाही हो, काका."

इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाचा राग येतो. मी तो तीन दिवस धरला.

परवा मी बाजारातून आलो, तर हौशीने मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि पदर सावरून म्हणाली, "बसा पावणं. मालक येतीलच आमचे." मी बसलो. आत गेलो असतो तर घाबरली असती. तासभर मी माझीच वाट पाहिली. ती दारातून रस्त्याकडे बघत मला सांगत होती, "रागीट हायेत, पण मनानं लय चांगले." एवढ्या वर्षांच्या संसारात हे ती मला कधी बोलली नव्हती. मान खाली घालून पाणी प्यालो.

बाकीचं तुम्ही समजून घ्याल.

तुमचा,
जयराम

ता. क. चार दिवस येऊन राहाल का? फोनवर तुम्ही "हौशे" म्हणालात की ती हसते. तुमचा आवाज अजून ओळखते.

ता. क. आणखी एक. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मलाही पाच वस्तूंची नावं सांगितली आणि थोड्या वेळाने परत विचारली. मला दोन आली. सुयोगला बोललो नाही. त्याला एका वेळी एकच पुरे. म्हणून चार दिवसांसाठी नको, राहायलाच या. तिला काय लागतं ते माझ्या डोक्यात आहे तोवर लिहून ठेवतो: चहा गुळाचा. केस विंचरताना घाई करायची नाही. रडली तर कारण विचारायचं नाही, हात धरायचा.

ता. क. शेवटचा. याच मजकुराचं पत्र तुम्हाला आधी आलं असेल, तर ते फाडू नका. या पत्रात लिहायचं राहून गेलेलं काही त्यात असेल.