पेन्सिलचा गोल

१४ मे, संध्याकाळ. आसेगाव

एसी एकच बसणार. दुसऱ्याचं बजेट नाही, हे ठरलेलंच होतं. कोणाच्या खोलीत, ते मात्र मी टाळत आलो. आज सलीम मिस्त्री भिंती पाहून गेला. म्हणाला, "भाऊ, पाइपाचं भोक कुठं पाडू, ते आजच सांगा. एकदा पाडलं की झालं." त्यानं आईच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलनं गोल काढला, आमच्या खोलीतही.

आई म्हणे, "लेकराले घामोळ्या झाल्या. तिकडंच लाव. मले कायले पाह्यजे?" म्हणताना तिच्या डोक्यावर ओला दुपट्टा होता. दिवसभर असतोच. बाळाची पाठ पाहिली की तिचं पटते, दुपट्टा पाहिला की नाही. सलीमले म्हटलं, संध्याकाळी फोनवर सांगतो. काहून टाळलं?

आत्ता तिच्या खोलीत गेलो, तर भिंतीवरचा गोल दिसेना. त्यावर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर टांगलेलं. खिळा तिनंच ठोकला असणार. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती, की नुसतीच पडून होती?

कॅलेंडर काढायले हात उचलला होता. मग बाहेर येऊन सलीमले फोन केला. भोक आमच्याच खोलीत पाडा म्हटलं. आणि हलकं वाटलं. ते हलकं वाटणंच आता मनात सलून राह्यलं.