दरवर्षी निम्मं

रत्नागिरी,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

दादा,

नमस्कार. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. तुझी तब्येत विचारत नाही; मागच्या रविवारी बागेतला तुझा आवाज गडग्यापलीकडे रस्त्यावर ऐकू जात होता, म्हणजे ती ठणठणीत असणार. इथे पाऊस आहे. आप्पा जेवतात, पण आठवडाभर ओटीवरून खाली उतरलेले नाहीत.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू डोंबिवलीहून आलास, वाळलेली सात कलमं बघितलीस आणि गंगारामसमोर, आपल्या गड्यासमोर, आप्पांना विचारलंस, "औषध घातलंत की पेज ओतलीत?" बहात्तर वर्षांच्या बापाला! मोहोराचं औषध बुंध्याशी मातीत किती घालायचं ते यांना कळत नाही, म्हातारपणी हात सैल सुटला, असं सगळ्यांना ऐकवलंस. बागेच्या किल्ल्या खिशात घातल्यास. आता बाग मिरजोळ्याच्या कुठल्याशा कंत्राटदाराला द्यायची, गणपतीला कागद करायचे, आणि आप्पांनी तिथे पाऊलही टाकायचं नाही. डोंबिवलीला गेल्यापासून नऊ वर्षांत त्या कलमांना तू तांब्याभर पाणी घातलं नाहीस. आंब्याच्या पेट्या मात्र न चुकता नेल्यास. तुला लाज वाटायला हवी होती.

आप्पा एवढंच म्हणाले, "चुकलंच माझं."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. तू गेल्यावर कपबश्या विसळल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन गणिताचे तास घेतले.

मात्रा आप्पांची नव्हती, दादा. माझी होती.

चार वर्षांपूर्वी दुकानदार म्हणाला, वर्षभरानंतर औषध मातीत निम्मं उरतं. झालं, या गणिताच्या बाईंना हुरूप आला. सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला, टेबल मोड लावला. शंभर गुणिले ई, घात उणे पॉइंट सात एक्स. शून्यापासून पाचपर्यंत, एकेक वर्षाने. शंभर, मग एकोणपन्नास पॉइंट सहासष्ट, मग चोवीस पॉइंट सहासष्ट, मग बारा पॉइंट पंचवीस. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले, हिरव्या पेनने वक्र काढला आणि आप्पांपुढे धरला. बघा, कसं उतरत जातं. दरवर्षी पूर्ण मात्रा घाला, बिनधास्त.

आप्पांनी बराच वेळ कागद बघितला. मग दुसऱ्या बिंदूवर बोट ठेवून म्हणाले, "बाय गो, हे निम्मं मातीत असतानाच मी वर परत शंभर घालणार ना? मग ही रेघ खाली कशी येईल?"

खरा प्रश्न हाच होता. माझा वक्र एकदाच घातलेल्या औषधाचा होता. दरवर्षी घातलं की आधीचं उरलेलं त्यात मिळत जातं: शंभर, दीडशे, पावणेदोनशे, चौथ्या वर्षी एकशे सत्त्याऐंशी. या बुधवारी मी तीच सारणी नीट करून पाहिली. दहा मिनिटं लागली.

आणि तेव्हा मी काय उत्तर दिलं ते ऐक. "आप्पा, चौथी शिकलात तुम्ही. ई म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? मी सांगते तेवढं करा." ते "बरं" म्हणाले. कागदाची घडी खिशात ठेवली आणि चार वर्षं मापाने तेवढंच घातलं, थेंब जास्त नाही.

म्हणजे बागेत तू जे केलंस ते मी चार वर्षं आधीच करून बसले होते, फक्त खालच्या आवाजात. भीतीने गप्प राहिले नाही, असं लिहिणार होते. पण भीतीनेच राहिले.

मघाशी आप्पांना सगळं सांगितलं. म्हणाले, "ठाऊक होतं गो मला. तू कॉलेजात शिकवतेस, लोकांस कशाला कळायला हवं?" मला रडू आलं. त्यांनी माझ्यासाठी तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि मी त्या खाऊ दिल्या.

किल्ल्या कुणाबरोबर पाठवू नकोस. स्वतः ये आणि गंगारामसमोर आप्पांच्या हातात दे. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, मीही ऐकवीन. हे पत्र समेटासाठी नाही. मला तुझा राग येतो तो येतोच, आणि आता माझाही तेवढाच येतो.

तुझीच सख्खी बहीण,
राजश्री