ओळख दाखवली नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीच्या घरात, ऑफिसचा लॅपटॉप बाजूला सारून तुम्हाला लिहितेय. लॉकडाऊन आहे. घरातून एकानेच सामानाला जायचं, तेही मास्क लावून. पण जीव थाऱ्यावर नाही तो त्यामुळे नव्हे. सकाळपासून तीनदा चहा केला, तीनदा ओतून दिला. शेजारी एक चिनी आजी राहतात, चाळीस वर्षं झाली त्यांना इथे. आम्ही नवे आलो तेव्हा पहिली हाक त्यांचीच. कुंपणावरून लिंबं देतात, मी पोहे देते. मंगळवारी त्या दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी उभ्या, आणि एक धिप्पाड माणूस त्यांच्यावर ओरडतोय. व्हायरस आणलात, चालत्या व्हा तुमच्या देशात! आजींनी पिशवी छातीशी घट्ट धरली. आजूबाजूचे सगळे डब्यांवरची अक्षरं वाचायला लागले. मी चार हातांवर. तो एकदम माझ्याकडे वळला, "शी विथ यू?" आणि अण्णा, तुमच्या लेकीने सांगितलं, "नो, नो." वर हसले. मास्कखाली, मेलं त्याला दिसलंही नसेल! ट्रॉली वळवली आणि डाळींकडे गेले.

आमचा पीआर, इथे कायम राहायचा परवाना, अजून व्हायचाय, कशाला नसतं लफडं, असं मी स्वतःला बजावलं. खोटं आहे ते. त्याचं बोट माझ्याकडे वळू नये, एवढंच होतं. तिच्यावर भागतंय तर भागू दे. मग सातवीतला तो दिवस डोळ्यांपुढून हलेना. मैत्रिणीच्या आईने आडनाव विचारलं, मी भलतंच सांगितलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली. घरी येऊन वर फुशारकी मारली. तुम्ही कचेरीतून नुकतेच आला होतात, शर्टही काढला नव्हता. मारलं नाहीत. सायकलवर बसवून परत त्या दारात नेलंत. "सांग खरं." मी सांगितलं. त्या बाई नुसतं "बरं" म्हणाल्या, पुन्हा कधी आत बोलावलं नाही. मी वाटभर रडतेय, तुम्ही पेडल मारताय आणि म्हणताय, "जयंतीला निळा झेंडा मिरवतेस ना? मग दारात तोंड का लपवतेस?" तेव्हा तुमचा असा राग आला होता, की दोन दिवस बोलले नाही.

आणि आज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना आजी भेटल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, मग हळूच विचारलं, "मंगळवारी दुकानात तूच होतीस का गं? तुझ्यासारखी वाटली. मग म्हटलं, छे, ती असती तर थांबली असती." किती सोपं होतं, अण्णा. नुसतं हो म्हणायचं, माफ करा म्हणायचं. मी म्हणाले, "नाही, मी नव्हते." त्यांचा चेहरा केवढा मोकळा झाला! "वाटलंच मला," म्हणाल्या, आणि हसत आत गेल्या.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून तर लिहिता आलं. एक राहिलं. त्यांना इतकं बरं वाटलेलं बघून मलाही क्षणभर बरं वाटलं.