थंड ज्योतीखालचा पाय

प्रिय तोर्बेन,

त्या फुटबॉल मॅचनंतर तू घरी आलास तेव्हा शर्टावर रक्त होतं, आणि ते तुझं नव्हतं. "बाबा, एकाला असा तुडवला, स्टेडियमची वाट विसरेल!" तव्यातले बटाटे उभ्यानेच खात तू सांगत होतास. फुटक्या बाटलीने त्याची पोटरी फाडलीस, पडल्यावरही लाथा घातल्यास, हे हसत सांगितलंस. मी तुला घराबाहेर काढलं, तू रोस्टॉकला गेलास.

आता इथली खबर. गोदीतलं वायरमनचं काम सुटल्यावर ग्राइफ्सवाल्डच्या या दवाखान्यात मी बघून बघून काय शिकलो ते तुला ठाऊक आहे. काचेची बारीक नळी, आत तार, तारेत हजारो व्होल्ट, आणि नळीतून हेलियमचा झोत. टोकाशी प्लाझ्माची, म्हणजे विजेने भारलेल्या वायूची, जांभळी जीभ लवलवते. बंद भांडं नको, हवा उपसायला नको. उघड्यावर पेटते आणि चटका देत नाही. औषधांना न जुमानणारे जखमेतले जंतूही तिच्याखाली मरतात. पण वीज जरा चढली की ठिणगी पडून कातडी जळते. म्हणून आमची रीत अशी, की ज्याने नळी बांधली त्याने रोग्यासमोर आधी आपलं बोट ज्योतीत धरायचं.

गेल्या महिन्यात ओन्नो आला. बंदरावर हेरिंग मासळीला धुरी देतो. पोटरी खोलवर फाटलेली, पू वाहतोय, वासाने नर्सनेही तोंड फिरवलं. "म्हातारबा, एवढ्याशा ज्योतीवर माझी सिगारेट तरी पेटेल का?" मी बोट धरलं. म्हटलं, "नाही पेटणार, म्हणून तर पाय ठेव म्हणतोय. वळवळू नकोस, तुझ्यापेक्षा तुझी मासळी शहाणी." खदखदून हसला. मग मॅच कुठली, बाटली कशी, लाथा किती, सगळं सांगत बसला. ही जखम तुझ्या हातची, हे मला तिथेच कळलं, तरी ज्योत मी त्याच्या पायावरून हलवली नाही.

हळूहळू जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. ओन्नो माझ्यासाठी मासळी आणू लागला. आणि या सोमवारी पुटपुटला, "सापडला तो कुत्रा. तोर्बेन नाव त्याचं. या शनिवारी आमची पोरं लोखंडी कांबी घेऊन रोस्टॉकला जाणार. दोन्ही गुडघे फोडणार, म्हातारबा!" मी यंत्र बंद केलं आणि म्हणालो, तो माझा मुलगा आहे.

त्याने पाय असा हिसकला की जखम उसवून टेबलावर रक्ताची धार लागली. "त्याच्या बापाचे हात लावून घेतले मी?" असं किंचाळून त्याने माझ्या तोंडावर ठोसा हाणला, नळी भिंतीवर फोडली, लंगडत निघून गेला. माझे दोन दात हलतात, त्याचं काही नाही. पण तो पुन्हा आलाच नाही. दुसरा कोणी उपचार करील असा निरोप धाडला, तर त्याच्या आईने दारच लावून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असाच राहिला तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

म्हणून हे पत्र. तुझ्या दाराखालून सरकवून जातोय. समोर बोललो असतो तर हात उगारला गेला असता, तुझा नाहीतर माझा. कांबींचं मी पोलिसांना सांगितलंय, आणि ओन्नोचा पाय तू फाडलास हेही. ते येण्याची वाट बघू नकोस. आपल्या पायांनी चौकीत जा आणि मला सांगितलंस तेच सांग, न हसता. तुला वाचवायला लिहितोय असं समजू नकोस. तू कबुली दिलीस हे ओन्नोच्या कानावर गेलं, तर तो कदाचित उपचाराला परत येईल. मांस कुजायला वेळ लागत नाही, लेका. आत्ताच नीघ.

अजूनही तुझाच,
बाबा